दोन्ही बाजूंनी माया

आमच्या प्रभागाचे नगरसेवक दिलेल्या तारखेला काम देतात. यात राजकारणाचा काही वाटा नाही. ते शिंपी आहेत, आणि शिंपी असूनही दिलेल्या तारखेला काम देतात, हा खरा चमत्कार. निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या दोघांनी प्रचारासाठी नवे कोट त्यांच्याकडेच शिवायला टाकले होते. दोघांनाही ते वेळेवर मिळाले. ते घालून दोघे दारोदार फिरले, आणि दारोदारचे लोक विचारत राहिले, "कोट झकास बसलाय हो, शिवला कुणी?" मग निकाल लागायचा तोच लागला.

गळ्यात कायम मोजपट्टी असते म्हणून गाव त्यांना टेपशेठ म्हणतं. शेठपणाचं म्हणाल तर दुकान आठ बाय दहाचं. त्यात दोन मशीन, एक इस्त्री, कपडे घालून बघायला एक पडदा, आणि पडद्याशेजारी चाकांच्या खुर्चीत बसलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीची जागा. काजं-बटणं ताईंची. बोलणंही ताईंचंच, कारण टेपशेठांच्या तोंडात बहुतेक वेळ टाचण्या असतात.

माप घेताना टेपशेठ आकडा मोठ्याने उच्चारत नाहीत. ताईंच्या कानाशी जाऊन कुजबुजतात, ताई वहीत लिहितात. माझी कंबर गेल्या दहा वर्षांत कुठून निघून कुठे पोचली, हे या पृथ्वीतलावर तिघांनाच ठाऊक आहे, आणि त्यातल्या तिसऱ्याला, म्हणजे मला, ते मान्य नाही. विजार आवळायला लागली की नेऊन द्यायची. "कापड आटलं हो," आपण म्हणायचं. "हल्लीचं कापड तसलंच," ते म्हणतात, आणि शिवण उसवून आतली माया मोकळी करतात. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. इतर शिंपी अर्धं बोट माया ठेवतात. टेपशेठ दोन बोटं ठेवतात. माणूस कुठवर जाऊ शकतो याची त्यांना कल्पना आहे.

त्यांचं घर कालव्याच्या अलीकडे, दुकान पलीकडे. मधे जुना लोखंडी पूल, दोन्ही टोकांना सात-सात पायऱ्या. वर्षानुवर्षं टेपशेठ सकाळी आधी खुर्ची पलीकडे ठेवून यायचे आणि मग ताईंना पाठीवर घ्यायचे.

"हळू रे, मी काय कापडाचा तागा आहे?"

"तागा गप्प असतो, ताई."

मग एका सकाळी पाचव्या पायरीवर टेपशेठांची पाठ धरली ती धरलीच. डॉक्टरांनी बजावलं, यापुढे ओझं उचलायचं नाही. "ओझं म्हणजे मी, बरं का," ताईंनी बघायला येणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगितलं. तेव्हापासून ताई घरात. काजांचं गाठोडं संध्याकाळी घरी जायचं, सकाळी परत यायचं. ताई खिडकीत बसून काजं करायच्या आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला हाका मारायच्या. पण खिडकीतून हाक मारून किती मारणार? दोन महिन्यांत त्यांनी हाका मारणंही सोडलं. टेपशेठांनी नगरपालिकेत जन्मात पहिल्यांदा तोंडातल्या टाचण्या काढून मागणी केली ती नव्या पुलाची.

मागणी मान्य झाली, नकाशा आला. पायऱ्यांच्या जागी उतार होता, कठडे होते, सगळं होतं. सभेत अभियंता साहेबांनी अभिमानाने सांगितलं, "रुंदी नव्वद सेंटिमीटर. खुर्ची असते पासष्टची. म्हणजे पंचवीस वर शिल्लक!"

टेपशेठ उभे राहिले. आदल्या दिवशी त्यांनी ताईंना अंगणात खुर्ची चालवायला लावून मोजपट्टी धरली होती. "खुर्ची पासष्टची आहे, साहेब. पण चाकं फिरवणाऱ्या माणसाला कोपरं असतात. कोपरं धरून माप पंच्याऐंशी भरतं. आणि समोरून कोणी आलं तर त्याने कालव्यात उतरायचं का?"

"हे सगळं नियमात बसतं, सदस्य महाशय."

"नियमात बसतं हो, माणूस नाही बसत." आणि मग टेपशेठांनी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. दुकानातली भाषा ते सभागृहात बोलले. "अंगाबरोबर कापू नका. या कामात माया ठेवा. दोन्ही बाजूंनी ठेवा. मग मी आनंदाने हात वर करतो."

सभागृहातल्या सगळ्या माना एकदम टेपशेठांकडे वळल्या. माया जमवलेले लोक गावात काही कमी नव्हते. पण भर सभेत, माइकवरून, दोन्ही बाजूंनी मागणारा माणूस कोणी पाहिला नव्हता. सभेचा वृत्तांत लिहिणाऱ्या कारकुनाने आपली बिनचूक परंपरा राखत लिहिलं: 'सन्माननीय सदस्यांनी सदर कामात दोन्ही बाजूंनी माया ठेवण्याची मागणी केली व तशी ठेवल्यास हात वर करण्याची तयारी दर्शविली.' वृत्तांत नियमाप्रमाणे सूचनाफलकावर लागला. त्या फलकासमोर गर्दी झालेली आम्ही प्रथमच पाहिली.

नगराध्यक्षांनी सावध पवित्रा घेतला. पुलाच्या कामाला असला वास लागला असेल तर पूल पुढच्या सभेत रद्द करू, आणि त्याच निधीतून चौकात कारंजं बांधू, असं त्यांनी सुचवलं. कारंज्याची त्यांना जुनी हौस.

इकडे पुलाचा ठेकेदार दुकानात आला. पडदा ओढून, आत उभा राहून त्याने टेपशेठांना खुणेने बोलावलं. टेपशेठांना वाटलं, विजारीची तक्रार असेल.

"शेठ, माया किती ठेवायची तेवढं बोला."

टेपशेठ खूश. अखेर कोणीतरी पुलाबद्दल नीट विचारतंय! "सढळ हाताने ठेवा. आणि दोन्ही बाजूंना सारखी. एकाच बाजूला ठेवली की सगळं काम तिरकं होतं."

"म्हणजे अध्यक्षांच्या बाजूलाही?"

"कोणाचीही बाजू असो, सारखीच. आणि आतून ठेवायची. बाहेर दिसली तर कारागिराची अब्रू जाते."

"अहो, हे काय सांगायला पाहिजे!" ठेकेदार गहिवरला. "इतक्या मोकळेपणाने कोणी बोलत नाही हो. पण पुढेमागे उसवायची पाळी आली तर?"

"त्यासाठीच तर ठेवायची. पाळी आली की तीच कामाला येते."

ठेकेदाराने टेपशेठांचा हात दोन्ही हातांत दाबला आणि जाता जाता एक जाडजूड पाकीट गाठोड्यातल्या कोटाच्या घडीत सरकवलं. ते गाठोडं संध्याकाळी काजांसाठी घरी गेलं.

ताईंनी घडी उलगडली, पाकीट उघडलं आणि भावाला हाक मारली. "इकडे ये रे. ही बघ तुझी माया आली."

टेपशेठांनी आतल्या नोटा पाहिल्या. मग पडद्यामागचं एकेक वाक्य त्यांना पुन्हा ऐकू आलं असावं, कारण ते खाली बसले. "ताई, तो म्हणाला, किती ठेवायची. मी म्हटलं, सढळ हाताने."

ताई हसल्या. इतक्या हसल्या की सुई बोटात घुसली. कित्येक महिन्यांत त्या घरात एवढं हसू झालं नव्हतं. मग डोळे पुसून म्हणाल्या, "आता ऐक. हे सभेत सगळ्यांसमोर टेबलावर ठेवायचं. आणि बोलायचं. तोंडात टाचण्या न धरता."

पुढच्या सभेला आम्ही पंधरा-वीस जण प्रेक्षकांच्या बाकांवर होतो. टेपशेठांनी पाकीट टेबलावर ठेवलं. "माझ्या दुकानात कोणीतरी हे विसरून गेलंय. ज्याचं असेल त्याने न्यावं." ते कोणाचं, हे सगळ्यांना कळलं, कारण ठेकेदाराला एकाएकी बाहेर फोन घ्यावासा वाटला. मुख्याधिकाऱ्यांनी पाकीट सीलबंद करून चौकशीला पाठवलं.

"माया म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड," टेपशेठ म्हणाले. "मी एवढंच म्हटलं होतं."

"आता शब्द फिरवू नका, टेपशेठ!" मागून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला.

टेपशेठांनी अंगातला कोट काढला, टेबलावर उलटा पसरला, खिशातल्या लहान कात्रीने कुशीची शिवण उसवली. आत दोन बोटं कापड निघालं, न विटलेलं, कोऱ्यासारखं. "लग्नातला कोट आहे. ही त्याची माया."

अभियंता साहेब वाकून बघत म्हणाले, "पण ही तुम्हाला तीस वर्षांत लागलीच नाही की!"

खरंच होतं. टेपशेठ म्हणजे काडी. पुन्हा हशा. आता इथे मी तुम्हाला सांगतो ते नीट ऐका. त्या सभागृहात सतरा सदस्य बसले होते. त्यातल्या तेरा जणांच्या शिवणी टेपशेठांनी उसवल्या होत्या, हे पुढे त्यांच्याच तोंडून कळलं, कोणाच्या एकदा, कोणाच्या तीनदा. एक बोट त्यांच्या पोटांकडे दाखवलं असतं तर वाद तिथेच संपला असता, पूल मिळाला असता, बदनामी धुतली गेली असती. टेपशेठांनी एकेकाच्या पोटावरून नजर फिरवली, कोट उचलला आणि म्हणाले, "नाही लागली खरी." आणि खाली बसले. ताई खिडकीत वाट बघत होत्या हे त्यांना माहीत होतं, तरी बसले. गिऱ्हाइकाचं माप सांगायचं नाही म्हणजे नाही.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नगराध्यक्ष उठले होते. आमच्या नगराध्यक्षांचा देह असा की, त्यांचं उठणं दोन टप्प्यांत पूर्ण होतं: आधी ते, पाठोपाठ पोट. त्यांनी कोटाची बटणं सोडली, कोट काढला आणि उलटा करून टेपशेठांच्या कोटाशेजारी टाकला. कुशीला जुन्या शिवणीच्या तीन फिकट रेघा होत्या, एकीपुढे एक.

"पदावर आलो तेव्हा ही आतली रेघ होती," ते म्हणाले. "तीनदा सैल केलाय यांनी. कधी कोणाला बोलले नाहीत. प्रत्येक वेळी म्हणाले, हल्लीचं कापड तसलंच."

"मलाही तसंच म्हणाले होते," कोपऱ्यातून हळूच आवाज आला.

"मला वाटत होतं, खरंच आटलं!" दुसरा म्हणाला.

"अभियंता साहेब," अध्यक्षांनी विचारलं, "दोन खुर्च्या समोरासमोर आल्या, कोपरांसकट, तर रुंदी किती लागेल?"

साहेबांनी टेपशेठांकडे पाहिलं. टेपशेठ मोजपट्टी घेऊन उठले.

सतरा हात वर गेले. कारंजं राहून गेलं. वृत्तांतात कारकुनाने तळटीप घातली: 'माया हा शब्द मागील सभेपासून शिवणकामाच्या अर्थाने वाचावा.'

पूल व्हायला आठ महिने लागले, ठेकेदार दुसरा. सुरू झाला त्या दिवशी टेपशेठांनी दुकान तासभर आधी उघडलं, पडद्याशेजारची जागा झाडली, काजांचे कोट मांडून ठेवले. ताईंनी बजावलं होतं, न्यायला यायचं नाही. नऊ वाजले, दहा वाजले. साडेदहाला टेपशेठांना राहवेना, ते मोजपट्टीसकट कालव्याकडे धावले.

पुलाच्या बरोबर मधोमध ताईंची खुर्ची उभी होती. शेजारी भाजीवालीने हातगाडी लावली होती, पोस्टमन कठड्याला टेकला होता, दोन बायका पिशव्या खाली ठेवून ऐकत होत्या, आणि ताई हातवारे करत कुठलीतरी गोष्ट अगदी रंगात आणून सांगत होत्या. बाजूने सायकली जात होत्या, माणसं जात होती.

"ताई! अगं किती वाट बघायची? इथे मधेच काय थांबलीस?"

ताईंनी मान वळवली. "जागा आहे म्हणून," त्या म्हणाल्या. "तू हो पुढे. माझी गोष्ट अर्धी राहिलीय."