हिचा आवाज

शहाडच्या पुलाखालचा मेकॅनिक बोलताना माणसाकडे बघत नाही, बॉनेटकडे बघतो. बाबा गेल्यावर काही महिन्यांनी त्यांच्या गाडीच्या इंजिनला तडा गेला. मी म्हटलं, "वेल्डिंग मारून टाका."

"घरी हिचा आवाज कोण ओळखतं?"

"आई."

"मग नको साहेब. वेल्डिंगला इंजिन खोलावं लागतं. खोललं की आवाज बदलतो."

त्याने तडा घासला, दोन नळ्यांतला इपॉक्सी कालवून त्यात भरला आणि अंगठ्याने सारखा केला. "उद्यापर्यंत हिला हात लावायचा नाही."

पुढच्या खेपेला बॉनेटकडे बघतच त्याने विचारलं, "आईंनी ओळखला?"

मी नुसती मान हलवली. गाडी घरी आणली त्या दिवशी वर गेलो, तर आईने बाबांचा बिनसाखरेचा चहा गाळून ठेवलेला.