शिक्षकांच्या परीक्षेत माझी शेळी

चौथीत माझा पहिला नंबर आला होता. वर्गात आम्ही सातच जण होतो आणि त्यातले दोघे परीक्षेच्या दिवशी ज्वारी काढायला गेले होते, हे मी सहसा सांगत नाही. पहिला नंबर मात्र भेटेल त्याला सांगत आले. सून लग्न होऊन घरात आली त्या आठवड्यात तिलाही सांगितला. ती डी.एड. झालेली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ऐकून घेतलं बिचारीने.

गेल्या वर्षी तिच्या गळ्यात एक काम पडलं. आसपासच्या दहा-बारा शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा केंद्रशाळेत जमतात. मोबाईलवरून वर्गात कसं शिकवायचं, हे त्यांना हिने दाखवायचं. प्रश्न मोबाईलवर पाठवायचे, पोरांनी तिथंच उत्तरं द्यायची, कुणाला किती मार्क ते लगेच टीव्हीवर दिसणार, असला प्रकार. पहिल्याच खेपेला तिची फजिती झाली. तिथले सगळ्यांत जुने गुरुजी, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, त्यांनी खिशातून मोबाईलच काढला नाही. "पोरी, खडूवर इतकी वर्षं काढली, अजून दोन निघतील," म्हणाले. त्यांनी काढला नाही म्हणून बाकीच्यांनीही आपापले आत ठेवले आणि चहा कधी येतो ते बघत बसले. पुढच्या खेपेलाही असंच झालं, तर काम दुसऱ्याला देऊ, असं केंद्रप्रमुखांनी तिला तोंडावर सांगितलं. घरी येऊन एवढं बोलली आणि स्वयंपाकाला लागली. पण दोन दिवस भाजीत मीठ नव्हतं.

मग तिने मला शिकवायला घेतलं. "आत्या, तुम्हाला जमलं तर गुरुजींना जमेलच," म्हणाली. हा मान होता की अपमान, ते मी विचारलं नाही. माझी बोटं जाड, एक अक्षर दाबलं की तीन उठतात. दोन दिवस माझं नाव काही धड उमटेना. शेवटी वैतागून तिने माईकचं चित्र दाखवलं. ते दाबायचं आणि बोलायचं, मोबाईल आपोआप लिहून घेतो. हे मला पटलं. बोलण्यात मी कधी मागे नव्हते.

दुसऱ्या खेपेच्या दिवशी स्कूटीला किल्ली लावता लावता ती म्हणाली, "मी तिथं पोचले की लिंक पाठवते. उघडते का तेवढं बघा, मला कळवा आणि बंद करा. नक्की बंद करा बरं का, आत्या."

"व्हय, व्हय."

मुलगा सुप्याला कंपनीत पहिल्या पाळीला गेलेला. घरी मी आणि दारात शेळी. लिंक आली, उघडली, तसं तिला कळवलं. आता बंद करायची, तर माझ्या डोक्यात पहिला नंबर शिरला. प्रश्न चौथीचेच होते, तिनेच सांगितलं होतं. म्हटलं, बसू की आपणही. मास्तर लोकांत आपला कितवा येतो, ते तरी कळेल.

आधी नाव विचारलं. मी माईक दाबला, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात शेळी दावं सोडवून गवारीत शिरलेली दिसली. जे बोलायचं ते मी तिला बोलले. मोबाईलने इमानदारीने लिहून घेतलं. चष्मा कपाळावर होता, वाचतंय कोण. खालचं बटण दाबलं आणि शेळीमागे धावले.

तिकडे केंद्रशाळेत टीव्हीवर नावं येत होती. तीन-चार तरुण शिक्षकांची आली होती, गुरुजी हाताची घडी घालून बसले होते. तेवढ्यात खाली नवीन नाव आलं: 'ए सटवे गवारीत शिरली का थांब तंगडंच मोडते'.

शेळी बांधून परत आले तर मोबाईल वाजत होता.

"आत्या, बंद केलं नाही ना तुम्ही?" सुनेचा आवाज अगदी बारीक. मागे नुसता हसण्याचा गोंधळ. "स्पीकरवर आहे हं. गुरुजींनी लावायला लावलाय."

मग एक जाड आवाज आला. "कोण शिरलंय हो गवारीत?"

"शेळी. तुमी कोण?"

"मी इथला म्हातारा मास्तर. बाई, एवढं लांबलचक लिहिलं कसं तुमी? टायपिंग शिकलाय का?"

"चौथी शिकले. अन् लिहितंय कोन? माईकचं चित्र हाय बगा, ते दाबायचं अन् बोलायचं. तुमच्याकडं मोबाईल हाय का न्हाई?"

"हाय की."

"मग काढा की भाईर. खिशात अंडी उबवताय का?"

हसणं एकदम थांबलं. मला वाटलं, गेलं सुनेचं काम. माझ्या तोंडाने गेलं. कुणाचीतरी खुर्ची सरकली, आणि गुरुजी म्हणाले, "कुठंय गं पोरी ते चित्र? मला दाखव." फोन बंद झाला.

मग मी परीक्षा दिली, कारण आता लाज जायची तेवढी गेली होती. दहापैकी तीन मार्क. एका प्रश्नात आपल्या जिल्ह्याचं नाव विचारलं होतं, मी नगर म्हणाले. मी चौथीत होते तेव्हा ते बरोबर होतं. अपूर्णांकांचे जे चुकले, त्यांना मात्र असलं काही निमित्त नाही.

सून संध्याकाळी आली. पर्स खुंटीला अडकवून सरळ भाजीला लागली. मी उंबऱ्यात बसून वाट बघितली, शेवटी मीच विचारलं, "काढले का मोबाईल?"

"सगळ्यांनी काढले. गुरुजींचं नाव काय आलं माहितीये? 'हां दाबलं आता काय बोलू'. नऊ मार्क पडले त्यांना. नंतर माईक सोडेनात, वर्गाची सगळी हजेरी बोलून लिहून बघितली. माझं निम्मं शिकवायचं राहिलंच."

"मग काम ऱ्हायलं का गेलं?"

"राहिलं. पुढच्या महिन्यातही मीच." कांदा चिरता चिरता तिने मान वर केली. "आत्या, चौथीत तुमच्या वर्गात मुलं किती होती हो?"

"सात," मी म्हणाले. "परीक्षेला पाच."

तिने कांदा कढईत टाकला. त्या दिवशी भाजीत मीठ होतं, जरा जास्तच.