सुकदेवने बांधलेली कानबाईची चाल

सुरतेतल्या लिंबायतच्या गल्लीत सुकदेव पाटलाला लूम कारागीर कुणी म्हणत नसे. सगळे ‘संगीतकार’ म्हणत आणि वर हसत. हसोत बापडे! हा गडी कापड विणता विणता आवाजाचं संशोधन करी. तेल घातल्यावर लूमचा सूर कसा उतरतो, धोटा दोन्ही टोकांना कसा वेगळा वाजतो, ते सगळं टेपमध्ये भरून आणी आणि घरी बँजोवर चाली बसवी.

“दिनभर खडखडाट ऐकस, तो कमी पडना का?” अंजनाबाई, त्याची बायको, कपाळाला हात लावी.

शहाण्णवच्या श्रावणात त्याने खानदेशच्या देवीसाठी, कानबाईच्या मिरवणुकीसाठी, नवी चाल बांधली. गल्लीतल्या गाण्यांची मुखत्यारी मालतीबाईंकडे. त्यांनी बजावलं, “बाया नाचन्यात तर तुन्ही चाल. नही नाचन्यात तर जुनीच, कायमनी!”

दुसरी जागा नव्हती म्हणून सुकदेवने बँजो पार्टीची तालीम चालू लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यातच घेतली. तिथे चाल अशी झकास वाजली की कारागीर मान डोलवू लागले.

विसर्जनाच्या सोमवारी खानदेशी माणूस लूमला हात लावत नाही. लिंबायत चिडीचूप. कानबाईला डोक्यावर घेऊन बाया निघाल्या, बँजो सुरू झाला आणि चाल दर ओळीला अडखळू लागली. तेव्हा कुठे सुकदेवच्या लक्षात आलं. लूमच्या ठोक्यांसाठी त्याने चालीत जागा सोडल्या होत्या, आणि लूम तर बंद! इतकी वर्षं तो खडखडाट कानात, की तो नसेल हे त्याच्या गावीही नव्हतं.

“तुन्ही चालमा खड्डे शेतस! आम्हीन पाय कोठे ठेवाना?” मालतीबाई कडाडल्या.

सुकदेवला धरणी दुभंगावी असं झालं, पण मान खाली घालून तो वाजवत राहिला. मागे चालणाऱ्या कारागिरांना मात्र त्या रिकाम्या जागा सोसवेनात. लोटूने तोंडानेच ठोका दिला, “खटाक-खट!” मग भगवानने टाळी मारली, आणि बघता बघता अख्खी गल्ली लूम झाली. बायांचे पाय सुटले. मालतीबाईंनी पदर खोचला आणि फुगडीच धरली.

तापीच्या घाटावर पोचले तेव्हा सगळे घामाने निथळत होते. देवीला पाण्यात नेणार, तेवढ्यात मालतीबाईंनी हात आडवा घातला.

“थांबा रे! कानबाई थांबी आखो थोडी. सुकदेव, एक डाव वाजाड!”

सुकदेवला डोळे पुसायलाही सवड मिळाली नाही.