कोपरा फाटलेलं कार्ड

लातूरला क्लासच्या पोरींची मेस चालवणारी तारामती कुणाच्याच गोड बोलण्यावर भरवसा ठेवत नसे. भूकंपात तिचा नवरा ढिगाऱ्याखाली मेला, तेव्हा गावातली माणसं दोन दिवस तिला "मालक दवाखान्यात हायत" असंच सांगत राहिली होती.

सहा वर्षांनी कारगिलला लढाई पेटली आणि तिचा एकुलता पोरगा, फौजेतला हरिओम नेमका तिकडंच होता. महिनाभरानं त्याचं कार्ड आलं, ते एक कोपरा फाटलेलं. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मयताची खबर, हे वाचता न येणाऱ्या तारामतीलाही ठाऊक होतं. "थैलीत फाटलं असंल, मावशी," पोस्टमन म्हणाला. एरवी नुसतं नाव घेणारा आज मावशी म्हणाला, तिथंच तिला संशय आला.

तिनं मेसच्या तीन पोरींना एकेकटीला चुलीपाशी बोलावून कार्ड वाचायला लावलं. तिघींनी तेच वाचलं, "आई, मी बरा आहे. काळजी करू नको." एक शब्द इकडचा तिकडं न्हाई. मग तर तिची खात्रीच पटली.

"पोस्टमननं पढवून ठेवलंय सटव्यांना," ती पुटपुटली.

दिवाळीला हरिओम सुट्टीवर आला, हातीपायी धड. त्याला पाणी द्यायच्या आधी तिनं देव्हाऱ्यामागचं कार्ड काढून त्याच्या हातात ठेवलं.

"वाच."

"आई, मी बरा आहे. काळजी करू नको," त्यानं वाचलं.

तारामतीनं कार्ड त्याच्या हातातून काढून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी तू बी त्यांच्यातच सामील हायस."