गिरीजची वरात

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले; पण निवृत्तीनंतरही आठवले की हसू येते, ते गिरीज गावातल्या मांडवाचे प्रकरण.

पोलीस ठाण्यात फोन आला. "साहेब, बायको जिवंत असताना आमच्या गावात एक जण लग्न लावतोय. केळीच्या वाडीत मांडव पडलाय, बँड आलाय." नाव विचारताच फोन बंद. काडी लावून नामानिराळे राहणारे प्रत्येक गावात असतात.

"साहेब, हा गुन्हा अदखलपात्र," हवालदार म्हणाले.

"बायकोने कोयता उचलला की होईल दखलपात्र. काढा जीप!"

डायरीला नोंद करून निघालो. वाटेत चर्चमध्ये चौकशी केली, कारण गाव ख्रिस्ती, आणि तीन रविवार तिथे नावे पुकारल्याशिवाय यांच्यात लग्न लागत नाही. फादर चकित. "कसलं लग्न? नावं पुकारलेलीच नाहीत." माझ्या मनात पाल चुकचुकली.

वाडीत पन्नाशीचा नवरदेव सुटाबुटात. त्याने मला कडकडून मिठीच मारली. "या साहेब, जेवूनच जायचं!" डोळे लाल, तोंडाचा पट्टा अखंड चालू.

"नवरी कुठाय?" मी दरडावले.

त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केले. तिथे त्याची बायकोच उभी होती, रडून डोळे सुजलेली.

"हीच की! आमच्या लग्नात बँड राहून गेला होता."

हवालदारांनी तोंडावर टोपी धरली.

मागच्या पडवीत मी बाईंचा जबाब घेतला. "ह्यांना बायपोलर आहे, साहेब. बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या. आज हे असे उधळलेत. उतरलं की महिना महिना भिंतीकडे तोंड करून पडतील. लोक जेवून, हसून जातात. निस्तरते मी. थकले हो! आज डॉक्टरकडे आले नाहीत तर मी माहेरी चालले, कायमची." पायाशी भरलेली पिशवी होती.

आजारी माणसाला दंडुका काय दाखवणार? मी मांडवात गेलो. "नवरदेव, नवरी तयार आहे. पण वरात आधी डॉक्टरांच्या दारी न्यायची, अशी तिची अट आहे."

तो विचारात पडला. "बँड पुढे?"

"पुढे!"

पुढे बँड, मागे पोलीस जीप, जीपमध्ये नवरा-नवरी. कुंपणावरून कुणीतरी ओरडले, "अरे, नवऱ्याला अटक झाली!" नवरदेव त्यालाही हात हलवत होता.

दवाखान्यात त्याला दाखल करून घेतले. नर्सने कपडे मागितले, तेव्हा बाईंनी ती माहेरची पिशवी उघडली. आत त्याचे दोन लेंगे, टॉवेल आणि दाढीचे सामान. तिचे एक लुगडेही नव्हते.

संसारातल्या भांडणात जबाब घ्यावाच, पण झडतीही घ्यावी, एवढे मी त्या दिवशी शिकलो.