मास्तरांची कूस

चाळीस वर्षं शिलाई मशीनवर वाकून बसलेल्या मास्तरांनी साऱ्या गल्लीची मापं घेतली, पण स्वतःच्या पोटाला कधी टेप लावली नाही. गेलं वर्षभर आडवं पडलं की त्यांना धाप लागे, म्हणून ते बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीतच झोपत. "तुमचं घोरणं कानावर पडल्याशिवाय मला मेली झोप लागत नाही," त्यांची बायको, गल्लीच्या काकू, म्हणायच्या. मास्तरांनाही पलंगावर परतायचं होतंच, फक्त ते कबूल करायला जीभ रेटत नव्हती.

शेवटी काकूंनीच त्यांचं नाव इस्पितळातल्या एका संशोधनात घातलं. उभं राहून, पाठीवर आणि दोन्ही कुशींवर झोपून छातीचे स्कॅन काढायचे. मग कृत्रिम बुद्धिमत्तेचा संगणक फुफ्फुसात हवा कुठे पोचते ते रंगवून दाखवणार. भरपूर तिथे निळं, कमी तिथे लाल.

उभ्याचं चित्र पाहून डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या. "उभं राहिल्यावर फुफ्फुसं मोकळी व्हायला हवीत. तुमची तर आवळलीत!"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. काचेपलीकडे बसलेल्या काकू मात्र पदर तोंडाला लावून हसत आत आल्या. "अहो बाई, फोटो म्हटला की हे पोट आत ओढून धरतात. लग्नापासूनची खोड आहे!"

मास्तर कानापर्यंत लाल झाले. दुसऱ्या वेळी पोट सोडून उभे राहिले आणि चित्र निळंशार आलं. पाठीवर मात्र खालचा बराच भाग लाल. डावी कूसही बेताचीच. उजव्या कुशीवर पुन्हा निळं.

"आजार काही दिसत नाही, झोपलं की पोट फुफ्फुसांना वर रेटतंय," बाई म्हणाल्या. "ते कमी करा, आणि उजव्या कुशीवर झोपत जा."

दुपारी घरी मास्तर पलंगापाशी येऊन थबकले. पलंगावर काकूंची जागा झोपल्यावर त्यांच्या डाव्या हाताला, खिडकीशी. तिथला वारा काकूंनी पाहुणी म्हणून आलेल्या सख्ख्या बहिणीलासुद्धा कधी दिला नव्हता. उजव्या कुशीवर वळायचं म्हणजे बायकोकडे पाठ. वर्षभराने परतायचं, ते असं?

"राहू दे. खुर्चीच बरी," ते पुटपुटले.

काकूंनी आपली उशी उचलली, पलंगाला वळसा घातला आणि दुसऱ्या कडेला टाकली. "सरका खिडकीकडे. आणि पोट सोडा, इथे कुणी फोटो काढत नाहीये."

मास्तर उजव्या कुशीवर वळले. समोर वीतभर अंतरावर काकूंचा चेहरा. धाप लागते का ते बघायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. पाच मिनिटांत ते घोरू लागले, आणि मग काकूंचाही डोळा लागला.