गंगूबाईंचं ऊन

मनोरमाच्या बाहुलीला कुणी गोंडस म्हटलं की तिचं डोकं फिरतं. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाली आणि रामबागेतल्या दोन खोल्यांत बाहुल्या करत बसली. तोंड आणि हात मातीचे, अंग आणि केस लोकरीचे. लोकरीचा पुंजका घ्यायचा आणि त्यात हजारदा सुई टोचायची, तेव्हा कुठे तो घट्ट होऊन आकार धरतो. साचा ती वापरत नाही. एक चेहरा एकदाच. प्रत्येक बाहुलीसोबत तिच्या हातची चिठ्ठी जाते : ‘हिला ऊन लावू नये, रंग उडतो.’ मी तिची शेजारीण. दुपारचा चहा माझ्याकडे, म्हणून हे सगळं मला माहीत.

दिवाळी झाल्यावर विक्रांत आला. पलासियात मोठं ऑफिस, गळ्यात साखळी. त्याची आई गंगूबाई आमच्या भजनी मंडळातली. होळकरांच्या दरबारी कारकुनांचं घराणं, बोलणं ठसठशीत मराठी. या हिंदी मुलखात राहूनही हिंदी शब्द त्यांनी कधी तोंडात येऊ दिला नाही. अर्धांगवायू झाल्यावर दोन वर्षं मागच्या खोलीत पडून होत्या आणि गेल्या जानेवारीत गेल्या. आता वर्षश्राद्धाला पाहुणे येणार, तर हॉलमध्ये आईची बाहुली हवी, असं विक्रांतचं म्हणणं. रंग थोडा गोरा करा, दात असू द्या, असंही म्हणाला. वर एक पिशवीभर शाली ठेवल्या.

“मौसी, आईला ऊनची भारी हौस होती. शेवटी तर दिवसभर ऊन ऊनच करायची. बाहुली इसी ऊनची बनवा.”

“गंगूबाई लोकरीला ऊन म्हणायच्या?” मनोरमाने विचारलं. त्याने खांदे उडवले.

आईचा तीळ कुठल्या गालावर होता, तेही त्याला सांगता येईना. बायकोला फोन लावला, तिलाही माहीत नव्हतं. शेवटी गंगूबाईंचं सगळं करणाऱ्या प्रियंकाचा नंबर देऊन तो गेला.

प्रियंका जवळच्या बेटमा गावची, मराठीचा गंध नाही. तीळ डावीकडे, ओठ उजवीकडे लोंबलेला, सगळं तिने फोनवर बरोबर सांगितलं. मनोरमाने ऊनचं विचारलं.

“अम्मा खिड़की की तरफ हाथ करके बोलती थीं, ऊन दे, ऊन दे,” प्रियंका म्हणाली. “मैंने भैया को फोन पे बोल दिया, अम्मा ऊन माँग रही हैं.”

मराठीतलं ऊन हिंदीत गेलं आणि लोकर होऊन घरी आलं. भैयांनी, म्हणजे विक्रांतने, ऑफिसातून तासाभरात शाल पाठवली. गंगूबाईंनी ती फेकून दिली. पुन्हा फोन, पुन्हा शाल. अशा सहा झाल्या. मग फेकू नये म्हणून पिनांनी गादीला टाचून टाकल्या. खिडकीपुढे कपाट होतं. ऊन यायचं ते पुढच्या बाल्कनीत, बारा पावलांवर, आणि तिथे कुंड्या होत्या.

मला शिसारी आली. हातातला चहा तसाच मोरीत ओतला. प्रियंकाचा काय दोष? पण विक्रांतला दोन्ही भाषा येत होत्या. एकदा, फक्त एकदा त्या खोलीत जाऊन आई काय म्हणतेस, एवढं विचारलं असतं तर पुरे होतं. दहाव्याला कावळा तासभर पिंडाला शिवला नाही, दर्भाचा कावळा करून उरकलं, हे ऐकलं होतं. शिवेल कशाला?

पिशवी त्याच्या तोंडावर फेक, मी म्हटलं. पण मनोरमा म्हणाली, बाहुली नाही केली तर तो दुसरीकडून गोरी म्हातारी करून घेईल आणि गंगूबाई खरोखरच संपतील. तीन आठवडे ती सुई टोचत होती. इतक्या रागाने टोचताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी सकाळी विक्रांत बाहुली न्यायला आला. गंगूबाई खुर्चीत बसलेल्या, तोंड वर, डोळे बारीक, कपाळाला आठ्या, ओठ लोंबलेला, डावीकडे तीळ. शालींची लोकर पायाशी, लाथाडल्यासारखी.

आई अशी डोळे किलकिले करून का बघतेय, आणि शाल अंगावर का नाही, त्याने विचारलं. मनोरमाने चिठ्ठी पुढे केली. या वेळी तिच्यावर वेगळं लिहिलं होतं : ‘हिला रोज सकाळी ऊन द्यावं.’

“अजून ऊन?” असं म्हणत त्याने खिशातून फोन काढला. “किती मागवू, मौसी?”

मनोरमाने उठून खिडकी उघडली. बाहुलीच्या तोंडावर उजेडाचा पट्टा पडला आणि ते बारीक डोळे, त्या आठ्या एकदम जागच्या जागी बसल्या.

“विक्रांत, याला तुझी आई काय म्हणायची?”

“धूप...” तो म्हणाला, आणि तो हिंदी शब्द स्वतःच्याच तोंडून ऐकून तिथेच थांबला.

मला त्याची दया यायला हवी होती. नाही आली. चहा मी दोनच कप ठेवला.